रहीम मास्तरांचं फॉर्मेशन

संध्याकाळचे साडेपाच वाजलेत. कॉलेजच्या मागचं मैदान. सकाळी ग्रुपवर बावीस जणांनी अंगठे टाकले होते, प्रत्यक्षात आलेत चौदा. त्यातल्या एकाचा पाय कालपासून लचकलेला. गोलकीपर मामाकडे साकोलीला गेलाय. डिफेन्सला उभं राहायला कोणीच तयार नाही, कारण सगळ्यांनाच गोल मारायचाय. आता काय करायचं?

तुमचं उत्तर मला माहीत आहे. आधी अर्धा तास भांडायचं. मग ज्याचा बॉल त्याचं ऐकायचं.

आता दुसरा सीन बघा. तुमच्या आवडत्या क्लबला नवा कोच येतो. तुम्ही सगळ्यात आधी काय विचारता? फॉर्मेशन कोणतं? 4-3-3 की 3-5-2? मोबाइलवरच्या गेममध्ये तर एका टचने फॉर्मेशन बदलतं. खेळाडू पटले नाहीत तर विकायचे, नवे घ्यायचे. खऱ्या कोचला ही सोय नसते. त्याला जे चौदा आलेत त्यांच्यातूनच टीम उभी करायची असते.

सत्तर वर्षांपूर्वी हैदराबादच्या एका शाळामास्तरांनी हेच केलं. हातात असलेल्या पोरांमधून अशी टीम उभी केली, की ऑलिम्पिकच्या सेमीफायनलपर्यंत गेली आणि आशियाई स्पर्धेत दोनदा सुवर्णपदक घेऊन आली. त्यांचं नाव सय्यद अब्दुल रहीम. 2024 मध्ये अजय देवगणचा 'मैदान' आला तेव्हा तुमच्यापैकी अनेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं असेल. सिनेमा म्हटला की थोडा मसाला आलाच. तो जरा बाजूला ठेवू आणि रहीमसाहेब मैदानावर नक्की काय करायचे ते बघू.

काचीगुड्याच्या शाळेतून

रहीमसाहेबांचा जन्म 17 ऑगस्ट 1909 चा, हैदराबादचा. तेव्हा तिथे निजामाचं राज्य होतं आणि आपला मराठवाडाही त्याच राज्यात होता. रहीमसाहेब उस्मानिया विद्यापीठात शिकले आणि विद्यापीठाच्या टीममधून फुटबॉल खेळले. पदवी झाली, तशी शाळेत नोकरी धरली. काचीगुडा हे नाव आपल्याला रेल्वे स्टेशनमुळे ठाऊक आहे. तिथल्या मिडल स्कूलमध्ये त्यांनी शिकवलं, नंतर चादरघाट हायस्कूलसारख्या आणखी काही शाळांमध्ये. मध्ये एक वर्ष काढून शारीरिक शिक्षणाचा डिप्लोमा केला आणि शाळेतल्या खेळांची जबाबदारी अंगावर घेतली.

हा मास्तरकीचा भाग घाईने वाचून पुढे जाऊ नका, कारण सगळं मूळ तिथे आहे. चांगला मास्तर वर्गात शिरला की अभ्यासक्रमाआधी पोरांकडे बघतो. कोणाचं गणित कच्चं, कोण शेवटच्या बाकावर लपतो, कोणाला सगळं येतं पण हात वर करायला लाजतो, हे तो टिपत असतो. रहीमसाहेब मैदानाकडेही असंच बघायचे. फरक इतकाच, की त्यांच्या वर्गाला भिंती नव्हत्या.

1940च्या दशकात ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव झाले आणि शेवटपर्यंत राहिले. सचिव म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? सत्कार, हार, स्टेजवरची खुर्ची. रहीमसाहेबांनी त्या पदाचा उपयोग वेगळ्याच कामासाठी केला. त्यांनी विचित्र वाटाव्यात अशा स्पर्धा भरवल्या.

एका स्पर्धेत ड्रिबलिंगला बंदी. बॉल आला की पास द्यायचा, दोन-तीन जणांना चकवत पळायचं नाही. दुसऱ्या स्पर्धेत फक्त कमजोर पायाने खेळायचं. उजव्या पायाचा खेळाडू असाल तर डावा वापरा, चुकलात तरी चालेल. एका स्पर्धेत एकच टच, बॉल थांबवायचाच नाही. ठरावीक उंचीपेक्षा बुटक्या पोरांसाठी वेगळी स्पर्धा. सहा-सहा, सात-सात जणांच्या छोट्या टीम्सच्याही स्पर्धा.

थोडा विचार करा. प्रत्येक नियम एकेका दुखण्यावरचं औषध आहे. आपल्याकडे ज्याला थोडाफार खेळ येतो त्याला बॉल सोडवत नाही, म्हणून ड्रिबलिंग बंद. डावा पाय नुसता उभं राहायला वापरतात, म्हणून उजवा बंद. बॉल आल्यावर विचार सुरू होतो, तोवर समोरचा अंगावर येतो, म्हणून एकच टच. त्यामुळे विचार बॉल यायच्या आधीच करून ठेवावा लागतो. सात जणांच्या मॅचमध्ये लपायला जागा नसते, प्रत्येकाच्या पायाशी बॉल सारखा येतो. भाषण न देता, फक्त नियम बदलून त्यांनी पोरांच्या सवयी बदलल्या.

खाकीतली टीम

1948 मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आलं. दोन वर्षांनी, 1950 मध्ये, रहीमसाहेबांनी हैदराबाद सिटी पोलीस संघाचं कोचिंग हाती घेतलं. त्या काळी भारतीय फुटबॉल म्हणजे कोलकाता असंच समीकरण होतं. मोहन बागान, ईस्ट बंगाल, मोहम्मडन स्पोर्टिंग. दुसरं टोक मुंबई, जिथे कूपरेजच्या मैदानावर रोव्हर्स कपची मोठी स्पर्धा भरायची. ही दोन टोकं जोडणारी हावडा-मुंबई रेल्वेलाइन आपल्या वरठीवरून जाते. हैदराबाद या लाइनवर नव्हतं आणि फुटबॉलच्या नकाशावर तर त्याहून दूर होतं.

त्या दूरच्या शहरातली पोलिसांची टीम मुंबईत आली आणि 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षं रोव्हर्स कप जिंकून घेऊन गेली. 1950 च्या ड्युरँड कपमध्ये तिने मोहन बागानलाही हरवलं. पुढे संतोष ट्रॉफीत हैदराबादने 1956-57 आणि 1957-58 अशी लागोपाठ दोन विजेतेपदं मिळवली आणि दोन्ही फायनलमध्ये समोर मुंबई होती. म्हणजे रहीमसाहेबांच्या सिस्टीमचा मार आपल्या राज्याने चांगलाच खाल्लाय!

या टीममध्ये जादू काय होती? जमिनीवरून छोटे, वेगवान पास. बॉल दिला की उभं राहायचं नाही, मोकळ्या जागेत पळायचं. आणि तब्येत. शिस्तीच्या बाबतीत रहीमसाहेब कडक होते. पण कडक मास्तरांचं दुसरं रूपही असतं. तुलसीदास बलराम हा सिकंदराबादजवळच्या गरीब घरातला मुलगा. खेळ भन्नाट, पण रोज सरावाला शहरात यायला पैसे नाहीत. रहीमसाहेबांनी त्याच्या सायकलच्या भाड्याची सोय केली. तो मुलगा पुढे दोन ऑलिम्पिक खेळला. आपल्याकडे खेड्यावरून सायकल हाणत कॉलेजला येणाऱ्यांना या एका सोयीची किंमत वेगळी सांगायला नको.

फळ्यावरचे आकडे

आता थोडं टॅक्टिक्स. घाबरू नका, वहीचं मागचं पान पुरेल.

जुनं फुटबॉल 2-3-5 होतं. मागे दोघं, मध्ये तिघं, पुढे पाच. नुसती हल्ल्याची हौस. मग 1925 मध्ये ऑफसाइडचा नियम बदलला, गोल वाढले आणि इंग्लंडमध्ये आर्सेनलच्या हर्बर्ट चॅपमन यांनी एका खेळाडूला मागे आणून बचाव तिघांचा केला. वरून पाहिलं तर पुढचे पाच W सारखे दिसतात आणि मागचे पाच M सारखे. म्हणून त्याचं नाव डब्ल्यू-एम. यात प्रत्येकाने आपापला माणूस धरायचा. मधल्या बचावपटूने समोरच्या सेंटर फॉरवर्डला सावलीसारखं चिकटायचं.

या सिस्टीमला भोक कसं पाडायचं, ते हंगेरीने दाखवलं. 25 नोव्हेंबर 1953 रोजी वेम्बलीवर त्यांनी इंग्लंडला 6-3 असं धुतलं. त्यांचा सेंटर फॉरवर्ड हिदेगकुटी पुढे थांबेचना, मागे मधल्या फळीत येऊन खेळायचा. इंग्लंडच्या बचावपटूची पंचाईत झाली. त्याच्या मागे जावं तर आपल्या गोलसमोर भगदाड, न जावं तर हा मोकळा राहून बॉल वाटत सुटणार. आज तुम्ही ज्याला फॉल्स नाइन म्हणता ना, त्याचा हा आजोबा.

रहीमसाहेबांनी हे नवं वारं ओळखलं. त्याआधी त्यांनी एक मोठा फटकाही खाल्ला होता. 1951 मध्ये दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धेत त्यांच्या टीमने फायनलला इराणला 1-0 हरवून सुवर्ण जिंकलं. देशभर कौतुक झालं. पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपल्याला 10-1 असं चिरडलं. आपले बरेच खेळाडू त्या थंडीत अनवाणी खेळत होते. त्यानंतर भारतात बूट सक्तीचे झाले. पण नुसत्या बुटांनी भागणार नव्हतं. खेळण्याची रीतच बदलायला हवी होती.

रहीमसाहेबांनी ती बदलली. जुन्या ठोकळ्यातून टीमला बाहेर काढत ते 4-2-4 कडे गेले. मागे चौघं, मध्ये दोघं, पुढे चौघं. 1958 च्या वर्ल्ड कपमध्ये ब्राझीलने ही रचना जगभर गाजवली. भारतात तिचं श्रेय क्रीडा अभ्यासक रहीमसाहेबांना देतात आणि तीही ब्राझीलच्या आधी आणल्याचं सांगतात. पण हे आकडे फळ्यावर लिहायला सोपे आहेत. 4-2-4 मध्ये मधल्या फळीत फक्त दोघं असतात. बॉल तिथे अडकला, एकाने उगाच दोन टच जास्त घेतले, की खेळ खलास. मग मघाच्या त्या विचित्र स्पर्धा आठवा. ड्रिबलिंग बंद, एकच टच, दोन्ही पाय. जी सिस्टीम पुढे राबवायची, तिच्यासाठी लागणारे पाय ते शहरातल्या गल्लीबोळांत आधीच घडवत होते. आपण आधी फॉर्मेशन ठरवतो आणि मग त्यात पोरं कोंबतो. त्यांनी आधी पोरं तयार केली.

1956 चं मेलबर्न ऑलिम्पिक. ऑस्ट्रेलिया यजमान, त्यांचंच मैदान, त्यांचेच प्रेक्षक. भारताने 4-2 ने सामना मारला. तीन गोल एकट्या नेव्हिल डिसूझाचे. हा मूळचा गोव्याचा आणि मुंबईत टाटांच्या टीममधून खेळणारा फॉरवर्ड. ऑलिम्पिकमध्ये हॅट्ट्रिक करणारा तो पहिला आशियाई फुटबॉलपटू. सेमीफायनलला समोर पुन्हा युगोस्लाव्हिया, चार वर्षांपूर्वी दहा गोल करणारी. हाफ टाइमला 0-0. नंतर पहिला गोल केला तो नेव्हिलने, म्हणजे आपण पुढे होतो! शेवटी 4-1 हरलो, ब्राँझच्या सामन्यात बल्गेरियाकडूनही हरलो आणि चौथे राहिलो. तरी ऑलिम्पिक फुटबॉलच्या सेमीफायनलला पोहोचलेला आशियातला पहिला देश आपण होतो. 1960 ला रोममध्ये फ्रान्सला 1-1 बरोबरीत रोखलं आणि हंगेरीशी 2-1 असं निसटतं हरलो. 10-1 पासून इथपर्यंतचा प्रवास आठ वर्षांचा.

जकार्ता: चौदा जणांची गोष्ट

आता मैदानावरचे ते तुमचे चौदा जण आठवा. लचकलेला पाय, गैरहजर गोलकीपर. कारण 1962 मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत रहीमसाहेबांपुढे हेच चित्र होतं, फक्त पणाला देश लागला होता. आणि स्वतः रहीमसाहेब आजारी होते. सिगारेटचं व्यसन जुनं. फुप्फुसाच्या कॅन्सरने त्यांना आतून पोखरायला घेतलं होतं.

पहिलीच मॅच दक्षिण कोरियाकडून 2-0 हरलो. दुसऱ्या मॅचमध्ये थायलंडला 4-1 हरवलं, पण बचावाचा कणा जर्नेल सिंग याचं डोकं फुटलं. टाके पडले. तिसरी मॅच जपानविरुद्ध, ती जर्नेलशिवाय 2-0 जिंकली. सेमीफायनलला पुढे काय? बचावात जर्नेलला खेळवायचं म्हणजे दर दोन मिनिटांनी उंच बॉलवर हेडरची लढाई, टाके उसवण्याची भीती. बाहेर बसवायचं म्हणजे सगळ्यात दणकट खेळाडू वाया. तुम्ही कोच असता तर काय केलं असतं?

रहीमसाहेबांनी त्याला पुढे पाठवलं. टाके पडलेला बचावपटू थेट सेंटर फॉरवर्ड! ऐकायला वेडेपणा वाटतो. पण जर्नेल कॉलेजात असताना आघाडीला खेळायचा आणि मास्तरांच्या लक्षात होतं. बचावात मधली जागा अरुण घोषने सांभाळली. सेमीफायनलला दक्षिण व्हिएतनामला आपण 3-2 हरवलं. दोन गोल कॅप्टन चुनी गोस्वामीचे, एक जर्नेलचा.

4 सप्टेंबर 1962, फायनल. पुन्हा दक्षिण कोरिया. स्टेडियममध्ये सुमारे एक लाख लोक आणि बहुतेक सगळे आपल्या विरोधात. कारण खेळाबाहेरचं होतं. यजमान इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानला स्पर्धेत येऊ दिलं नव्हतं, त्यावर भारताचे ऑलिम्पिक पदाधिकारी गुरुदत्त सोंधी यांनी हरकत घेतली होती. तो सगळा राग आपल्या टीमवर निघत होता. शहरात निदर्शनं, मैदानात हुर्यो. त्या गर्दीत पाकिस्तानच्या हॉकी टीमने मात्र आपल्या बाजूने आवाज दिला, अशी आठवण त्या टीममधले खेळाडू सांगत आले.

आदल्या रात्री रहीमसाहेबांनी पोरांना जमवून एक भेट मागितली, सुवर्णपदकाची. यापलीकडे त्यांनी काय काय सांगितलं ते ज्याने त्याने आपल्या परीने रंगवलंय. आपण मैदानावर काय झालं तेवढंच पाहू. थंगराज तापातून उठून गोलमध्ये उभा राहिला. राइट बॅक त्रिलोक सिंग दुखऱ्या अंगठ्याने खेळला. मधल्या फळीत फॉर्च्युनॅटो फ्रँको होता, गोव्याचा आणि आपल्या महाराष्ट्राच्या संघातून खेळणारा. सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जीने गोल केला. तीनच मिनिटांनी दुसरा. कोणाचा? डोक्याला टाके पडलेल्या जर्नेलचा. कोरियाने शेवटी शेवटी एक गोल फेडला, पण तोवर उशीर झाला होता. 2-1. सुवर्ण.

ज्या टीमने थोड्याच दिवसांपूर्वी आपल्याला हरवलं होतं, तिलाच आपण हरवलं. तेही आधीपेक्षा जास्त जखमी, जास्त आजारी टीम घेऊन.

मास्तर गेल्यावर

11 जून 1963. जकार्ताच्या विजयाला वर्षही झालं नव्हतं. हैदराबादमध्ये रहीमसाहेब गेले. वय अवघं 53.

इथे गोष्ट संपवून टाळ्या घेता आल्या असत्या. पण तुम्ही हुशार आहात, पुढचा प्रश्न तुमच्या डोक्यात आलाच असेल. मग नंतर काय झालं? आशियाई स्पर्धेत 1970 मध्ये एक ब्राँझ मिळालं आणि त्यानंतर पुरुषांच्या फुटबॉलमध्ये आजवर एकही पदक नाही. सुवर्ण तर 1962 चंच शेवटचं. आय-लीगमध्ये उत्कृष्ट कोचच्या पुरस्काराला सय्यद अब्दुल रहीम यांचं नाव दिलं गेलं. द्रोणाचार्य पुरस्कार त्यांच्या हयातीत नव्हताच, तो 1985 मध्ये सुरू झाला.

घसरणीची कारणं अनेक सांगता येतील. बाकीचा आशिया पळत सुटला, आपण चालत राहिलो, पैसा आणि नजर क्रिकेटकडे गेली. पण मला यात एक गोष्ट जास्त टोचते. रहीमसाहेबांची पदकं आपण जपली, फोटो जपले, आता सिनेमाही काढला. कमजोर पायाच्या स्पर्धा मात्र जपल्या नाहीत. त्यांच्या सिस्टीमचा जो भाग अगदी स्वस्त होता, ज्याला स्टेडियम लागत नव्हतं, परदेशी कोच लागत नव्हता, एक बॉल आणि एक नियम एवढंच लागत होतं, तोच आपण विसरलो. आपल्या जिल्ह्यातल्या किती शाळांच्या मैदानांवर अशी स्पर्धा झालीय? मी तरी अजून पाहिलेली नाही.

म्हणून उद्या संध्याकाळचा प्रोग्रॅम सांगते. चौदा जण आले? उत्तम, सात-सातच्या दोन टीम करा. पहिली पंधरा मिनिटं फक्त कमजोर पायाने खेळा. हसू येईल, बॉल धानाच्या बांधीत जाईल, जाऊ द्या. पुढची पंधरा मिनिटं एकच टच. ज्याला बॉल सोडवत नाही त्याचे हाल बघण्यासारखे असतील. आणि तो लचकलेल्या पायाचा? त्याला घरी पाठवू नका. त्याला कडेला बसवा आणि कोण कुठे चांगला खेळतो ते वहीत लिहायला सांगा. आठवडाभराने ती वही उघडा. कदाचित तुमचा सेंटर फॉरवर्ड गेले दोन वर्षं डिफेन्सला उभा असेल.

फॉर्मेशन त्यानंतर ठरवा.